बेस प्लेटखालचे ५० मिलीमीटर : ग्वाल्हेरच्या उन्हात आणि थंडीत ग्राउटिंग

ग्वाल्हेरजवळच्या मालनपूर किंवा बानमोरच्या एखाद्या कारखान्यात इरेक्शनला, म्हणजे मशीन बसवायच्या कामाला, नवीन लागलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच महिन्यात ग्राउटिंग येतं : मशीनची बेस प्लेट आणि काँक्रीटचा पाया यांमधली फट पातळ माल ओतून भरणं. अलाइनमेंट शिकायला वेळ लागतो, क्रेनजवळ कोणी फिरकू देत नाही, आणि "पोतं फोडायचं, पाणी घालायचं, ओतायचं, त्यात काय शिकायचंय?" अशी समजूत सगळीकडे आहे. मग पोरगं ओततं. सहा महिन्यांनी मशीन थरथरायला लागलं की बेअरिंग बदलतात, कपलिंग बदलतात, बॅलन्सिंगवाल्याला बोलावतात. प्लेटखाली कोणी बघत नाही.

मशीन उभं राहतं शिमवर, म्हणजे लेव्हलसाठी खाली सरकवलेल्या पातळ पत्र्यांवर, पण बसतं ग्राउटवर. पायाचं काँक्रीट वरून कधीच सपाट नसतं आणि प्लेटची खालची बाजूही सरळ नसते. त्या दोहोंमधली २५ ते ५० मिलीमीटरची फट पूर्ण भरली तरच मशीनचं वजन आणि हादरे पायात उतरतात. साधं सिमेंट-वाळूचं मिश्रण सुकताना आकसतं आणि प्लेटखाली केसाएवढी फट सोडतं, म्हणून इथे नॉन-श्रिंक ग्राउट लागतं. ते ओलं असताना आणि घट्ट झाल्यावर किंचित फुगून प्लेटला चिकटून राहतं. साइटवर सगळे त्याला 'जीपी-टू' म्हणतात, मग पोतं कोणत्याही कंपनीचं असो.

माझी पहिली मोठी चूक सांगतो. नोकरीचं तिसरं वर्ष, जानेवारी महिना, एका कारखान्यात ब्लोअरची बेस प्लेट. शेडमधला थर्मामीटर १५ दाखवत होता. पोत्यावर ५ अंशांच्या वर चालतं असं छापलेलं. मग काय, दुपारी साडेतीनला माल ओतला आणि घरी जाऊन गजक खाल्ली. पाया मात्र दोन रात्री धुक्यात गारठलेला होता, प्लेटला हात लावला तर बोटं आखडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शटरच्या (माल अडवायला प्लेटभोवती लावलेल्या फळ्यांच्या) कडेला बोट टेकवलं तर ते आत गेलं, आणि वर पाण्याचा थर. थंडीत माल तासन्‌तास पातळच राहिला होता. तेवढ्या वेळात जड कण खाली बसले, पाणी वर आलं आणि प्लेटच्या पोटाशी जाऊन थांबलं. पाणी उडून गेलं, फट राहिली. तीन आठवड्यांनी हातोडीने ठोकून पाहिलं तर अर्धी प्लेट पोकळ वाजत होती.

चूक हवेचं तापमान पाहण्याची होती. ग्राउटला हवेशी फारसं देणंघेणं नसतं. ते वर लोखंडाला, खाली काँक्रीटला टेकलेलं असतं आणि स्वतःही कसल्यातरी तापमानाचं असतं. त्यामुळे मोजायची ती ही तीन तापमानं : प्लेट, पाया, माल. हवा चौथी, तीही फक्त पुढच्या चोवीस तासांचा अंदाज बांधण्यापुरती.

आपल्याकडचं हवामान आणि पोत्यावरचे आकडे

सिमेंटचं ग्राउट साधारणपणे ५ ते ३२ अंश सेल्सिअसमध्ये वापरायचं असतं. इपॉक्सी ग्राउटचा, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिन, हार्डनर आणि खडी मिसळून केलेल्या मालाचा, पट्टा त्याहून अरुंद, साधारण १८ ते ३२. प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे वेगळे असतात आणि अंतिम शब्द पोत्यासोबत येणाऱ्या डेटाशीटचा. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५ च्या आसपास खेळतो आणि जानेवारीच्या रात्री ४-५ पर्यंत उतरतो. भारतीय मानक आयएस ७८६१ चे दोन भाग आहेत. पहिला ४० अंशांच्या वरच्या काँक्रीट कामासाठी, दुसरा ५ अंश आणि त्याखालच्या. आपलं गाव एकाच वर्षात दोन्ही भागांत जाऊन येतं. पुण्याहून आलेले इंजिनिअर इथे पहिल्या वर्षी हमखास गडबडतात, कारण तिथे हा प्रश्नच फारसा पडत नाही.

सिमेंटचं की इपॉक्सी, हे ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. नसेल तर मशीन बनवणाऱ्याला विचारा, स्टोअरवाल्याला नको. ढोबळ सांगायचं तर टाक्या, कॉलम, साधे पंप यांना सिमेंटचं पुरतं. रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर, मोठे गिअरबॉक्स, सतत हादरणारी किंवा रसायन सांडणारी जागा असेल तर इपॉक्सी. ते कैकपट महाग असतं आणि चूक झाली तर काढायलाही तेवढंच कठीण.

पाया तयार करणं

काँक्रीट भरल्यावर वर एक दुधी साय येते. ती कमजोर असते. तिच्यावर ग्राउट चिकटतं खरं, पण सायच काँक्रीटवरून सुटते. म्हणून चिपिंग. छिन्नी-हातोड्याने किंवा हलक्या चिपिंग हॅमरने साय पूर्ण काढून आतली खडी दिसेपर्यंत खरवडा. १० ते २५ मिलीमीटर निघालं तर बरं. मोठा ब्रेकर लावू नका. काम लवकर होतं, पण आतल्या खडीभोवती बारीक तडे पडतात आणि ते वरून दिसत नाहीत. तेलाचे डाग पडले असतील तर तेवढा भाग खोल काढा, कारण तेल धुऊन जात नाही.

पायाचं वयही बघा. सिमेंटच्या ग्राउटसाठी काँक्रीटला किमान आठवडा झालेला असावा. इपॉक्सीसाठी मी २८ दिवसांच्या आत हात लावत नाही, कारण ओलावा आणि आकसणं दोन्ही बाकी असतं.

चिपिंग झालं की धूळ उडवा. कॉम्प्रेसरची हवा वापरणार असाल तर आधी पांढऱ्या कापडावर फुंकून पाहा. कापडावर तेलाचा डाग आला तर ती हवा पायावर मारायची नाही.

यानंतर दोन वाटा फुटतात आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो. सिमेंटच्या ग्राउटसाठी पाया चोवीस तास पाण्याने भिजवायचा. कोरडं काँक्रीट ग्राउटमधलं पाणी शोषून घेतं आणि खालचा थर भुसभुशीत होतो. ओतण्याच्या थोडं आधी साचलेलं सगळं पाणी स्पंजने टिपून काढा, बोल्टच्या पॉकेटमधलं (बोल्टसाठी पायात सोडलेल्या खड्ड्यांतलं) सुद्धा. पाया ओलसर हवा, वर पाणी चमकता कामा नये. इपॉक्सीसाठी नेमकं उलट, एक थेंबही नको. पाया सुका आहे का हे बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर थांबा. धुक्याच्या दिवसांत हे हमखास होतं.

फाउंडेशन बोल्टच्या पॉकेट आधी भरून घ्यायच्या असतील तर घ्या. बोल्टला बाही (भोवतीची नळी) असेल तर ती ग्राउटने भरू देऊ नका. फोम किंवा तत्सम काहीतरी घालून तोंड बंद करा, म्हणजे बोल्टला ताणायला लांबी मिळते.

लेव्हल कधी घ्यायची

हा भाग पुस्तकात दोन ओळींत संपतो. आपल्याकडे मात्र त्याचं महत्त्व फार.

लोखंड एका अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन वाढतं. ४ मीटरची बेस फ्रेम सकाळी २० अंशांवर होती आणि दुपारी उन्हात ४५ वर गेली तर ती १.२ मिलीमीटरने लांब झाली. एवढं बोल्टच्या भोकांत सामावतं. खरी डोकेदुखी वेगळी : ऊन फक्त वरून पडतं. ३०० मिलीमीटर उंचीच्या त्याच फ्रेमचा वरचा भाग खालच्यापेक्षा फक्त ५ अंशांनी गरम झाला, तरी ती मधून साधारण ०.४ मिलीमीटर कमानीसारखी उचलली जाते. आपण मशीनिस्ट लेव्हल घेऊन मीटरमागे ०.०२ मिलीमीटर बघत बसलेले असतो, आणि फ्रेम आपली अर्ध्या मिलीमीटरने वाकलेली! त्या अवस्थेत ग्राउट ओतलं तर रात्री फ्रेम सरळ होताना ग्राउटला खेचते.

तेव्हा उघड्यावरच्या मशीनची शेवटची लेव्हल ऊन चढण्याआधी घ्या, आणि ग्राउट ओततानाही लेव्हल ज्या तापमानाला घेतली त्याच्या आसपास राहा. लेव्हल घेण्याच्या आदल्या दिवसापासून कनात बांधा. कनात चारही बाजूंनी हवी, नुसतं वरून हिरवी जाळी टाकून भागत नाही. चारनंतरचं तिरपं ऊनही तेवढंच तापवतं.

लेव्हलिंगसाठी जॅक बोल्ट (फिरवून प्लेट वर-खाली करायचे) असतील तर त्यांना ग्रीस लावून वर टेप गुंडाळा. ग्राउट घट्ट झालं की ते सैल करायचे असतात. शिम आणि वेज कायमचे आत राहिले तर मशीनचं सगळं वजन त्या चार टणक ठिपक्यांवर जातं आणि ग्राउट नावापुरतं उरतं. प्लेटची खालची बाजू तेल, सुटा गंज आणि सोललेला रंग यांपासून साफ हवी. इपॉक्सी असेल तर तिथे ब्लास्टिंग आणि कंपनीने सांगितलेला प्रायमर.

शटरिंग

शटर प्लेटपासून किती लांब ठेवायचं, यावर माल वाहणार की अडकणार ते ठरतं. ज्या बाजूने ओतायचं तिथे साधारण १५० मिलीमीटर आणि बाकी बाजूंना ५० ते ७५. ओतायची बाजू लांब कडेची निवडा, म्हणजे मालाला आडवं, कमी अंतर जावं लागतं. त्या बाजूला प्लायची एक उतरती पेटी उभी करा. त्यात माल थोडा उंच राहतो आणि स्वतःच्या वजनाने प्लेटखाली सरकतो. सांधे पुट्टीने बंद करा. सिमेंटचं ग्राउट असेल तर आत पाणी भरून गळती बघून घ्या. गळकं शटर माल ओतताना कळलं की मग हाताने, गोणपाटाने, चिखलाने बुजवाबुजवी सुरू होते आणि ओतणं थांबतं.

प्लेट मोठी असेल आणि कप्प्यांची असेल तर प्रत्येक कप्प्याला ओतायचं भोक आणि कोपऱ्यांत हवा निघायची बारीक भोकं हवीत. यंत्र बसवण्याच्या एपीआय ६८६ या शिफारशीत हवेच्या भोकाचा व्यास सुमारे १३ मिलीमीटर सांगितला आहे. मशीन यायच्या आधी ड्रॉइंगवर ही भोकं तपासा. आल्यावर ड्रिल मारायचं म्हणजे सगळ्यांचीच नाराजी.

आता मालाचा हिशेब. १.५ मीटर × १ मीटरची प्लेट, खाली ५० मिलीमीटर फट. प्लेटखाली ७५ लिटर, असा नवीन मुलगा हिशेब करतो आणि सहा पोती मागवतो. पण शटरपर्यंतची जागा धरली तर १.६५ × १.२२५ × ०.०५, म्हणजे १०१ लिटर. २५ किलोच्या पोत्यातून सुमारे १३ लिटर ग्राउट निघतं, म्हणजे आठ पोती, आणि जवळ दहा हवीत. नववं पोतं आणायला मोटारसायकल ग्वाल्हेरच्या हजीऱ्याला गेली की ओतणं थांबून मधे सांधा पडला म्हणून समजा.

मोजणी, आणि एक छोटा हिशेब

प्लेट आणि पायासाठी इन्फ्रारेड गन बरी पडते. पण ती चकचकीत लोखंडावर खोटं बोलते, तापलेली प्लेट खऱ्यापेक्षा गार दाखवते. प्लेटवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, दहा मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा. माल मोजायला साधा टोकदार थर्मामीटर घ्या. पोत्याच्या मधोमध खुपसून भुकटीचंही तापमान बघा. उन्हात पडलेल्या पोत्याच्या आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही.

मिश्रण किती अंशांचं होईल हे आधीच काढता येतं. २५ किलो भुकटी आणि ४.५ लिटर पाणी घ्या. भुकटी उष्णता कमी धरते, पाण्याच्या साधारण ०.२२ पट. २५ गुणिले ०.२२ म्हणजे ५.५. पाण्याचे ४.५. बेरीज बरोबर १०, म्हणून हिशेब तोंडी होतो :

मिश्रणाचं तापमान = (५.५ × भुकटीचं + ४.५ × पाण्याचं) ÷ १०

मे महिन्यात भुकटी ४० वर आणि टाकीतलं पाणी ३५ वर असेल तर मिश्रण जवळपास ३८ अंश. मर्यादेच्या बाहेर. तीच भुकटी, पण पाणी ५ अंशांचं, तर २४. जानेवारीत भुकटी १० वर आणि पाणी ४० चं, तर साडेतेवीस. बघा, एकट्या पाण्याने केवढं काम होतं! मिक्सरमधल्या घर्षणाने एक-दोन अंश वाढतात, ते धरून चाला. पाण्याचं प्रमाण साधारण पोत्यामागे ४ ते ४.५ लिटर असतं, नेमका आकडा पोत्यावरचा.

उन्हाळ्यात

उन्हात दोन गोष्टी एकदम बिघडतात. माल मिक्सरमध्येच घट्ट व्हायला लागतो, आणि जे फुगायचं ते घमेल्यातच फुगून जातं. प्लेटखाली पोचतो तोवर त्याच्यात फुगायला काही उरत नाही. मग मिस्त्री म्हणतो, "साहब, आधा मग पानी और मार दें? मक्खन की तरह बहेगा।" बहेगा, खरंय. आणि खाली बसेल, आकसेल, ताकदही जाईल. घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा फिरवायचा नाही. तो टाकून द्यायचा. माल वाहत नसेल तर पाणी जास्त नको, गार हवं.

बर्फाच्या कारखान्यातून आदल्या संध्याकाळी लादी आणा, ड्रममध्ये पाणी भरून त्यात ठेवा, वर गोणपाट. मोजायच्या वेळी पाणी गाळून घ्या, म्हणजे बर्फाचे तुकडे मिक्सरमध्ये जात नाहीत. न वितळलेला तुकडा ग्राउटमध्ये गेला तर नंतर तिथे खड्डा उरतो. पोती आठवडाभर आधीच सावलीत, जमिनीपासून वर, लाकडी फळ्यांवर. मिक्सर आणि घमेलीसुद्धा सावलीत ठेवा. त्या तापलेल्या पत्र्यांतून पहिला घाणा गेला की चार अंश वाढलेच.

पायावर ओलं बारदान अंथरलं की भिजवणं आणि गार करणं दोन्ही होतं. प्लेटवरही ओलं बारदान चालतं, पण फक्त सिमेंटच्या ग्राउटला, आणि मोटर-पॅनल झाकून.

वेळेवरून वाद आहे. माझे जुने साहेब संध्याकाळी सातचे भक्त होते, लेबर तेव्हा उत्साहात असतं म्हणून. हवा सातला उतरते हे खरं. पण पायाने आणि लोखंडाने दिवसभर खाल्लेलं ऊन ते रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकत असतात. पहाटे साडेचार-पाचला प्लेट, पाया, पोती, पाणी सगळं खाली आलेलं असतं. मी पहाटच घेतो. लेबरला आदल्या दिवशी दुपारी सुट्टी देतो, चहाची आणि दिव्यांची सोय करतो. काम सातच्या आत संपलं पाहिजे आणि कनात पुढचे दोन दिवस उतरवायची नाही. पहाटे ओतून दुपारी उघडं टाकलं तर संध्याकाळवालेच बरोबर.

लू (उन्हाळ्यातला गरम, कोरडा वारा) चालू असेल तर वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री. उघड्या कडांवरून पाणी इतक्या लवकर उडतं की तासाभरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात.

थंडीत

थंडीत उलट घड्याळ. अकराच्या आसपास सुरू, एकपर्यंत संपवा, म्हणजे सूर्य उतरायच्या आत माल पकडतो. पोत्यावर ५ अंश लिहिलेले असले तरी मी प्लेट किंवा पाया १० च्या खाली असेल तर ओतत नाही. त्या पहिल्या ब्लोअरनंतर हा माझा नियम आहे, कोणत्या मानकाचा नाही.

तयारी आदल्या दिवशी. पोती रात्रभर ऑफिसच्या खोलीत. पायाभोवती ताडपत्रीचा तंबू आणि आत ५०० वॉटचे हॅलोजन दिवे, चोवीस तास. दिवा एका जागी रोखून ठेवू नका, प्लेटचा एकच कोपरा भाजून निघतो. पाणी कोमट, ४० च्या वर नको. उकळतं पाणी घालून भुकटी भाजण्यात हशील नाही, माल मिक्सरमध्येच गोळा होतो.

एक गोष्ट जीवावरची आहे. तंबूत कोळशाची अंगीठी कधीही ठेवू द्यायची नाही. थंडीत लेबर स्वतःहून आणतात, त्यात त्यांचा दोष नाही. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि रात्रीच्या राखणदाराला झोपेतच गाठतो. शिवाय अंगीठीतल्या कार्बन डायऑक्साइडने ताज्या ग्राउटचा वरचा थर भुसभुशीत, पिठासारखा होतो. राखणदाराला तंबूबाहेर बसवा, अंगीठीही बाहेर आणि त्याच्यासाठीच.

ओतल्यावर प्लेटसकट सगळं बारदानाने, त्यावर पेंढा किंवा जुनी रजई, वर ताडपत्री. पहिल्या तीन रात्री आतलं तापमान रात्री एकदा आणि पहाटे एकदा बघा. पहाटेचं बघणं टाळू नका, सगळ्यात थंड वेळ तीच.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात : सिमेंटच्या ग्राउटला तो मोसम सगळ्यात सोयीचा, फक्त वरून छत हवं. इपॉक्सीला सगळ्यात वाईट.

मिसळणं आणि ओतणं

पॅडलवाला मॉर्टर मिक्सर घ्या. काँक्रीटचा फिरता ड्रम नको, त्यात गोळे राहतात. एक-दोन पोत्यांचं काम असेल तर कमी वेगाच्या ड्रिलला पॅडल. आधी बहुतेक पाणी, मग हळूहळू भुकटी, शेवटी उरलेलं पाणी. तीन ते पाच मिनिटं. पाणी मापाच्या भांड्याने, मगाने नाही. तो ज्याच्या हातात, त्याच्या मनाप्रमाणे भरतो.

सिमेंट कातडी खातं. हातमोजे, बूट, चष्मा. बुटात माल गेला तर संध्याकाळपर्यंत थांबू नका, लगेच धुवा.

ओतायचं एकाच बाजूने आणि न थांबता. समोरच्या बाजूने माल वर येईपर्यंत दुसरीकडून घालायचं नाही, नाहीतर मधे हवा कोंडते आणि तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. माल अडला तर प्लेटखालून पॅकिंगच्या स्टील पट्टीने किंवा साखळीने हळूच मागेपुढे ओढा. व्हायब्रेटर लावू नका, खडी आणि पाणी वेगळं होतं. मिक्सरपासून प्लेटपर्यंत माणसं अशी उभी करा की दुसरा घाणा तयार झाला तेव्हा पहिला संपत आलेला असेल. आजूबाजूची हादरणारी मशीनं त्या दिवशी आणि माल पकडेपर्यंत बंद ठेवायला सांगा. हे प्रॉडक्शनवाल्यांकडून आठवडाभर आधी लेखी घेतलेलं बरं.

ताकद तपासायला प्रत्येक कामाच्या मालाचे ७०.६ मिलीमीटरचे क्यूब भरा, दोन संच. एक लॅबच्या टाकीत २७ अंशांवर, दुसरा प्लेटच्या शेजारी, त्याच तंबूत, त्याच बारदानाखाली. थंडीत या दोघांच्या ताकदीत केवढा फरक पडतो ते पाहिलं की टाकीतल्या क्यूबवर विसंबून बोल्ट कसायची हिंमत होत नाही.

इपॉक्सी असेल तर

रेझिन आणि हार्डनरचे डबे दोन दिवस २०-२५ अंशांच्या खोलीत ठेवा. थंड रेझिन मधासारखं जड होतं आणि माल वाहत नाही म्हणून लोक खडी कमी घालतात. त्याने प्रमाण बिघडतं, माल जास्त तापतो आणि नंतर तडकतो. गरम रेझिनचा त्रास उलटा : हातात असतानाच गोठायला लागतं. पूर्ण किट एकदम वापरायचं, अर्धं डोळ्याच्या अंदाजाने कधीच नाही. मिसळणं हळू, फेस येऊ न देता. शटरला आतून मेणाचे दोन-तीन हात, नाहीतर प्लाय पायासकट निघेल.

प्लेटचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं. जानेवारीच्या सकाळी प्लेटवर दिसत नाही असं दव बसलेलं असतं. इपॉक्सी लोखंड आणि काँक्रीटपेक्षा गरमीथंडीला जास्त वाढतं आणि आकसतं, म्हणून कडांचे कोपरे तासून गोल करा आणि लांब पायावर ड्रॉइंगप्रमाणे सांधे सोडा. कातडीला रेझिन लागलं की थिनरने पुसायची सवय लावू नका, साबण वापरा. एकदा इपॉक्सीची अॅलर्जी धरली की पुढे डबा उघडला तरी खाज सुटते. माझ्या एका सहकाऱ्याला त्यापायी हे काम सोडावं लागलं.

ओतल्यानंतर

माल थोडा पकडला की उघड्या कडा थापीने प्लेटच्या खालच्या कडेपासून ४५ अंशांत उतरत्या कापा. सिमेंटचं असेल तर लगेच ओलं बारदान, वर प्लास्टिक, किमान तीन दिवस आणि शक्य तर सात. बारदान सुकलं की ते उलट ग्राउटमधलं पाणी ओढतं, तेव्हा रात्रपाळीच्या माणसाच्या कामात पाणी मारणं लिहून द्या.

जॅक बोल्ट कधी सोडायचे आणि मुख्य बोल्ट कधी कसायचे, हे दिवसांवर ठरवू नका. प्लेटशेजारच्या क्यूबने ठरलेली ताकद दाखवली की मग. उन्हाळ्यात जे तिसऱ्या दिवशी होतं, ते जानेवारीत आठवड्यावर जातं.

मग अर्धा किलोची हातोडी घेऊन सगळी प्लेट चौकोनांत ठोकून बघा. भरलेली जागा ठस्स वाजते, पोकळ जागा घड्यासारखी. पोकळ जागांवर खडूने खूण करा, फोटो काढा. बोटभर तुकडा असेल तर अनेकदा सोडून देतात. मोठा भाग असेल तर ड्रिल मारून इंजेक्शनचं पातळ इपॉक्सी भरावं लागतं, एका भोकातून आत, दुसऱ्यातून हवा बाहेर. घाईने जोर लावला तर प्लेटच वर उचलली जाते, म्हणून वर डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं) लावून बसा.

वहीत एक पान राखा : तारीख, वेळ, प्लेट, पाया, भुकटी, पाणी आणि मिश्रण यांची तापमानं, पोती, बॅच नंबर, रात्रीचं आणि पहाटेचं तंबूतलं तापमान. जॅक बोल्टची भोकं सिलिकॉनने बंद करा, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला घट्ट करा, आणि मगच अलाइनमेंटवाल्याला बोलवा, तोही सकाळी, ऊन चढायच्या आत.